आग्रहाचा विमा

मराठी माणसाच्या आयुष्यात आग्रहाला मोठं स्थान आहे. पंगतीत नको नको म्हणत पानावर आडवा धरलेला हात, आणि त्या हाताच्या बोटांमधली फट शोधून नेमकी पानात पडलेली जिलबी, हे दृश्य ज्यानं पाहिलं नाही त्यानं लग्न पाहिलंच नाही असं खुशाल समजावं. अशा जिलबीबद्दल माझी काही तक्रार नाही. वाढणाऱ्याचा हात सैल असतो, खाणाऱ्याचा पट्टा सैल होतो आणि दुसऱ्या दिवशी चमचाभर ओव्याच्या अर्कावर हिशेब मिटतो. परंतु आग्रहानं वाढलेल्या त्या जिलबीचं बिल पाहुण्याच्याच नावे लिहावं, आणि ते नऊ टक्के व्याजानं वीस वर्षांच्या हप्त्यांत वसूल करावं, ही कल्पना आपल्या पूर्वजांना काही सुचली नव्हती. ती सुचली गृहकर्ज देणाऱ्यांना. त्या जिलबीला ते कर्जसंरक्षण विमा म्हणतात.

मी स्वतः बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, खुर्ची तीच आहे. शिक्षण बी. कॉम. तेव्हा कर्ज ही काय चीज आहे, हे मला काउंटरच्या आतल्या बाजूनं तरी बरंच ठाऊक आहे. बँकेतल्या माणसाचा नातेवाइकांत डॉक्टराइतकाच मान असतो. फरक एवढाच, की डॉक्टरला फी मिळते. लग्नामुंजीत मंडळी मला कोपऱ्यात घेतात आणि जीभ काढून दाखवावी तसं पासबुक काढून दाखवतात. "बघा हो जरा, हे दोनशे छत्तीस रुपये कसले कापलेत?" मी चष्मा वर सरकवतो, 'हं' म्हणतो, आणि दोन घास कमी खातो.

गेल्या वर्षी माझा मेव्हणा असाच एक फाइल काखोटीला मारून आला. बदलापूरला त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. चेहरा मात्र घर घेतलेल्याचा नव्हता, घर लुटलेल्याचा होता.

"दाजी," तो म्हणाला, "लोन मी तीस लाखांचं मागितलं. मंजूर झाल्याचा फोनही तीस लाखांचाच आला. पण या कागदावर एकतीस लाख वीस हजार दिसतात. वरचे एक लाख वीस हजार कसले?"

"पेढ्यांचे असतील," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी फाइल उघडली. सत्त्याऐंशी पानं होती. मेव्हण्याच्या सह्या मोजल्या तर त्रेपन्न भरल्या. एवढ्या सह्या हुशार नट उभ्या जन्मात करत असेल. पण त्याला निदान कोणी समोर उभं राहून हसतं तरी. एकसष्टाव्या पानावर विमा सापडला. मेव्हण्याच्या आयुष्याचा विमा, एकरकमी हप्ता १,२०,००० रुपये, आणि तो हप्ता मोठ्या मनानं कर्जाच्याच रकमेत मिळवलेला. मेव्हण्यानं तो मागितला नव्हता. मागायचं कारण नव्हतं, कारण त्याच्याकडे स्वतःचा टर्म इन्शुरन्स आधीपासून होता.

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं की! साहेब म्हणाले, विमा कंपल्सरी आहे, त्याशिवाय चेक निघत नाही. बिल्डरची मुदत शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळी फोन आला, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. सांगितला."

तो ओटीपी म्हणजे संमती! पूर्वी सावकार अंगठा उठवून घेत असे. सावकाराची तरफदारी मला करायची नाही; पण अंगठ्याची शाई चार दिवस तरी जात नसे, आणि घरी बायको विचारत असे, "हे कशाला बोट बुडवून आलात?" ओटीपीचा डागसुद्धा पडत नाही. सहा आकडे कानातून तोंडात आणि तोंडातून फोनमध्ये जातात, आणि माणूस वीस वर्षं बांधला जातो.

आता जरा आकडेमोड करू. वाचकांनी घाबरू नये, बेरीज-वजाबाकीच आहे. तीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, तर महिन्याचा हप्ता २६,९९२ रुपये. एकतीस लाख वीस हजारांचा हप्ता २८,०७१ रुपये. फरक १,०७९ रुपयांचा. हे १,०७९ रुपये दोनशे चाळीस महिने भरायचे, म्हणजे २,५८,९६० रुपये. एक लाख वीस हजारांची वस्तू सुमारे दोन लाख एकोणसाठ हजारांना पडली, आणि तीही न मागितलेली. बोहारीणसुद्धा इतका वाईट सौदा करायला लावत नाही. तिच्याशी निदान घासाघीस करता येते.

बरं, वस्तू तरी वीस वर्षं टिकणारी असावी? विम्याची मुदत दहा वर्षांची! म्हणजे अकराव्या वर्षापासून पुढं मेव्हणा संपलेल्या विम्याचे हप्ते भरणार होता. शिवाय विम्याची रक्कम दर वर्षी कर्जाबरोबर घटत जाणारी. आणि दुर्दैवानं प्रसंग आलाच, तर पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जाणार, उरलं तर घरच्यांना. संरक्षण आहे खरं. पण कोणाचं, हे नीट पाहावं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर काउंटरच्या आतले माझेच सहकारी मला चहा पाजणार नाहीत. विमा ही वाईट गोष्ट नाही. घरातला कमावता माणूस गेला तर हप्त्यांचा डोंगर मागच्यांवर कोसळू नये, म्हणून विमा असावाच. तारण ठेवलेल्या घराचा आगीचा, भूकंपाचा विमा उतरवावा अशी अटही कर्जाच्या करारात असते, आणि ती रास्त आहे. मात्र त्यातही एक मेख असते. घराचा विमा बांधकामाच्या खर्चाइतका उतरवायचा असतो, फ्लॅटच्या बाजारभावाइतका नव्हे. फ्लॅटच्या भावात जमिनीचा भाव असतो, स्टेशन जवळ असल्याचा भाव असतो, आणि बिल्डरच्या जाहिरातीतल्या कारंज्याचाही भाव असतो. आगीत यांपैकी काही जळत नाही. १ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एका ठरावीक नमुन्याची घराची पॉलिसी मिळते, तिचा हिशेबच मुळी चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असा आहे. तेव्हा घराचा विमा घ्यावा, स्वतःचाही घ्यावा. पण आपण निवडलेला, आपल्याला झेपेल तेवढा. माझं भांडण जिलबीशी नाही, फटीतून टाकणाऱ्याशी आहे.

आम्ही लेखी विचारणा केली. उत्तर आलं, "आपल्या कर्जखात्यास विमा जोडण्यात आला असून हप्त्याची रक्कम आपल्या नावे टाकण्यात आली आहे." शाळेत गुरुजींनी आम्हाला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकवले होते. चौथा प्रयोग कर्जखात्यात शिकायला मिळतो. त्याला मी फरारी प्रयोग म्हणतो. त्यात विमा जोडला जातो, रक्कम टाकली जाते, आकार लावण्यात येतो. पण जोडणारा, टाकणारा आणि लावणारा कोण, याचा पत्ता लागत नाही. कर्त्याची बदली झालेली असते. फारच खोदून विचारलं तर उत्तर मिळतं, "सिस्टिमनं आपोआप घेतलं, सर." मी वीस वर्षं सिस्टिमसमोर बसतो आहे. तिनं आपोआप माझी रजा मंजूर केल्याचं मला आठवत नाही. आपोआप घडतं ते फक्त नावे टाकणं. जमा करायला नेहमी माणूस लागतो, आणि तो जेवायला गेलेला असतो.

पण बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला दुहेरी नोंद पद्धत शिकलेल्या माणसाला तुम्ही असं फसवू शकत नाही. जमाखर्चाचा पहिला नियम असा, की नावेच्या प्रत्येक नोंदीसमोर कुठंतरी तेवढ्याच रकमेची जमेची नोंद असते. मेव्हण्याच्या नावे १,२०,००० लिहिले, तर ते जमा कोणाला झाले? विमा कंपनीला. आणि विमा कंपनीनं त्यातला काही भाग कमिशन म्हणून कोणाला दिला? ज्यानं विमा विकला त्याला. विकला कोणी? ज्यानं कर्ज दिलं त्यानं. आणि त्या कमिशनच्या पैशांवर व्याज कोण भरणार? मेव्हणा! अहो, पाहुण्याच्या खिशातून काढलेल्या दक्षिणेवर पाहुण्यालाच व्याज लावणारा भटजी तुम्ही कुठं पाहिलात का? बँकांना विम्याच्या व्यवसायात शिरण्याची वाट २००० साली मोकळी झाली. हेतू असा, की गावोगावच्या शाखांतून विमा लोकांपर्यंत पोहोचावा. पोहोचला. इतका पोहोचला, की आता तो न बोलावता येऊन बसतो.

या प्रकाराची बाजू घेणारे लोक तीन मुद्दे मांडतात. तिन्ही मी ऐकले आहेत, काही तर आमच्याच शाखेत डबा खाताना.

पहिला मुद्दा, "महिन्याला हजार रुपये म्हणजे काय हो? एका हॉटेलात जाऊन आलं की गेले!" हे म्हणणारा गृहस्थ दुसऱ्याच्या हजार रुपयांबद्दल बोलत असतो हे ध्यानात घ्यावं. स्वतःच्या पगारातून दहा रुपये जास्त कापले तर तोच युनियनच्या ऑफिसात जाऊन बसतो. शिवाय हॉटेलात गेलं तर निदान डोसा तरी मिळतो.

दुसरा मुद्दा, "पण सही केली ना? ओटीपी दिला ना? मग?" संमती कशाला म्हणावं? समोरच्याला नाही म्हणायची सोय असते, तिथं हो म्हणण्याला अर्थ असतो. बिल्डरची मुदत उद्याची, चेक साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब सांगतात की विम्याशिवाय चेक निघत नाही. या अवस्थेत माणूस ओटीपीच काय, आजोबांची घडीही देईल. आणि मुख्य म्हणजे, साहेब सांगतात ते खरं नसतं. बँकेच्या ग्राहकानं विमा घेणं ही पूर्णपणे ऐच्छिक बाब असली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. खोटं सांगून घेतलेल्या होकाराला संमती म्हणायचं असेल, तर लग्नाच्या बाजारात पत्रिका बदलणाऱ्यांनाही समाजसेवक म्हणावं लागेल.

तिसरा मुद्दा जरा हळवा आहे. "त्या बिचाऱ्या पोरांना टार्गेट असतं हो!" असतं. मला ठाऊक आहे. महिनाअखेर जवळ आली की काउंटरवरचा मुलगा ग्राहकाकडे, मांजर दुधाकडे पाहत नाही अशा नजरेनं पाहतो. वरून फोन येतात, आकडे विचारतात, उत्तर देता देता पोरांचा डबा गार होतो. मला त्यांची दया येते. पण दयेचा खर्च मेव्हण्यानं का सोसावा? टार्गेट ठरवणारा कुठल्यातरी बाराव्या मजल्यावर बसतो. विमा बदलापूरच्या दोन खोल्यांवर पडतो. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबईत बँकवाल्यांच्याच एका परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं, की चुकीच्या मार्गानं विमा विकल्यामुळे ग्राहकाला कर्जच आडवाटेनं महाग पडतं. मी हेच गेली कित्येक वर्षं डबा खाताना सांगतो आहे. पण माझ्या बोलण्याची बातमी होत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजून कोणी खंत करू नये. विलायतेत बँकांनी कर्जाबरोबर असाच हप्तासंरक्षणाचा विमा वर्षानुवर्षं लोकांच्या गळ्यात घातला. कित्येकांना तर आपल्या गळ्यात काही आहे याचाच पत्ता नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं, २०११ साली बँका हरल्या, आणि त्यांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. दावा सांगण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. लोकांनी ती चुकवू नये म्हणून तिथल्या सरकारी नियामकानं अर्नोल्ड श्वार्झनेगर या नटाचं यांत्रिक मुंडकं करून ते जाहिरातीत ओरडत फिरवलं! अमेरिकेत तऱ्हा निराळी. तिथं हप्ते गोळा करणारी कंपनी, घराचा विमा संपला आहे असं ठरवून, स्वतःच एक महागडा विमा घेते आणि घरमालकाच्या खात्यावर लिहिते. पुष्कळदा मालकाचा विमा ठणठणीत चालू असतो. म्हणून जानेवारी २०१४पासून तिथं नियम आहे, की असा आकार लावण्याआधी निदान ४५ दिवस नोटीस द्यायची, मग पुन्हा आठवण द्यायची, आणि मालकानं स्वतःच्या विम्याचा पुरावा दिला तर १५ दिवसांत जादा पैसे परत करायचे. म्हणजे जिलबी सगळीकडे तीच. काही देशांत निदान ती पानातून उचलून परत घ्यायला लावतात.

आपल्याकडेही तशी सोय आहे, फक्त तिच्यासाठी मुंडकं फिरवत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४पासून घेतलेल्या नव्या किरकोळ कर्जांत कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत एक मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं. त्यात सगळे आकार लिहायचे, विम्याचा हप्तासुद्धा. आणि तो धरूनच वर्षाला एकंदर किती टक्के पडतात ते सांगायचं. त्या विवरणात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. मेव्हण्याचं विवरण मी भिंगातून वाचलं. विम्याच्या रकान्यात शून्य होतं. इतकं गोल, इतकं सुंदर शून्य मी आर्यभटाच्या देशात राहूनही आजवर पाहिलं नव्हतं.

दुसरं म्हणजे, आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ती नापसंत म्हणून परत करता येते. संरक्षण मिळालेल्या दिवसांचा हिस्सा, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी पैसे परत मिळतात. लग्नानंतर अशी सोय नसते. मेव्हण्याची पॉलिसी हातात पडून नऊ दिवस झाले होते. आम्ही दोन पत्रं लिहिली, एक विमा कंपनीला, एक कर्ज देणाऱ्याला. पूर्वी रजिस्टर पोस्टानं गेलेल्या पत्राचा यायचा तसा ईमेल पोहोचल्याचा गुलाबी कागद येत नाही, म्हणून दोन्ही पत्रं हाती नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्का मारताना तिथल्या मुलानं विचारलं, "सर, शिक्का कशाला हवा?" मी म्हटलं, "बाळा, मीही तुझ्याच जातीचा आहे. शिक्का नसलेलं पत्र कुठं जातं, ते मला माहीत आहे."

दोन महिने गेले. तीन स्मरणपत्रं गेली. तिसऱ्यात आम्ही नम्रपणे कळवलं, की तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, आणि विमा कंपनीसाठी विमा लोकपाल निराळे आहेत. आठवडाभरात पैसे कर्जखात्यात जमा झाले. मेव्हणा पेढे घेऊन आला. मी पेढा तोंडात टाकला, खातेउतारा पाहिला आणि पेढा तसाच गालात राहिला. मुद्दल परत आलं होतं; पण दोन महिने त्या मुद्दलावर आकारलेलं व्याज, महिन्याला ९०० प्रमाणे १,८०० रुपये, तसंच होतं.

"जाऊ द्या ना दाजी," मेव्हणा म्हणाला. "मोठी रक्कम मिळाली."

या 'जाऊ द्या'वरच अख्खा धंदा उभा आहे, वाचकहो! शंभरांतले नव्वद लोक विचारत नाहीत म्हणून आकार लावला जातो, आणि विचारणारे दहा शेवटच्या अठराशे रुपयांपाशी थकतात म्हणून तो परवडतो. आम्ही चौथं पत्र लिहिलं. उत्तर आलं, "सद्भावना म्हणून सदर रक्कम आपल्या खात्यात जमा करण्यात येत आहे." पुन्हा फरारी प्रयोग! शिवाय सद्भावना! ताळेबंदात गुडविल मालमत्तेच्या बाजूला लिहितात हे मी शिकलो होतो. दुसऱ्याचे पैसे त्याला परत देऊन ती कमावता येते, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

तेव्हा ज्यांच्या घरी कर्जाची फाइल येऊ घातली आहे, त्यांना एका क्लार्कचं सांगणं. टर्म इन्शुरन्स आधीच घेऊन ठेवा, म्हणजे 'तुमच्या मुलाबाळांचं काय' या प्रश्नाला उत्तर खिशात राहील. मुख्य तथ्य विवरण आधी मागा आणि त्यातल्या विम्याच्या रकान्यावर बोट ठेवून मगच चहा घ्या. चेकच्या आदल्या संध्याकाळी आलेला ओटीपी हा देवाचा कौल नव्हे. तो कशासाठी आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि कोणीही 'कंपल्सरी आहे' म्हणालं, तर आवाज न चढवता, हसतमुखानं, दोनच शब्द म्हणा, "लेखी द्या."

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत या दोन शब्दांवर काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. साहेब पेन उचलतात, टोपण काढतात, कागदाकडे बघतात, टोपण लावतात, आणि म्हणतात, "तसं कंपल्सरी नाहीये, पण घेतलेलं बरं असतं."